आईसाठी राणी कलर

लग्नात मी तोंड पाडून का बसलो होतो, ते तुम्ही अजून विचारता. अरे, माझं मन बस्त्याच्या दिवशीच उडालं होतं.

मूल गावातल्या दुकानात लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं बसली होती. बाबा गेल्यापासून आईनं फिकटच नेसलं. मी धीर करून बोललो, "भाऊ, आईले राणी कलर दाखवा."

दुकानदारानं साडी उलगडली. आईनं लगेच काठ हातात घेतला.

काकू म्हणाली, "बावा, नवरा गेल्यावर राणी कलर शोभते काय?"

दुकानदारानं सावरलं, "मंग हा गुलबक्षी घ्या, बाई. नाई तं हा डाळिंबी."

"नाव बदलवल्यानं रंग फिका होते काय, भाऊ?" काकूनं विचारलं.

सगळे हसले. मी म्हणालो, "माह्या लग्नात आई हेच नेसन." पण तोवर आईनं साडी उचलून माझ्या होणाऱ्या सासूच्या मांडीवर ठेवली होती.

"माह्यासाठी नाई वो. विहीणबाईसाठीच पाहून राह्यलो होतो आमी."

काकूनं आईच्या पाठीवरून हात फिरवला. "पाहा, किती समजदार आहे माही जाऊ! हिच्यासाठी बदामी काढा, भाऊ."