नमुन्याबाहेरचं दार

लेक : ...आणि निष्कर्ष असा, की छातीत गाठ हाताला लागली तरी बायका दवाखान्यात जायला उशीर करतात. सगळ्यात मोठं कारण, 'घरातलं एवढं एक उरकू दे, मग बघू.' ऐकतेयस ना, आई? उद्या प्रबंधाच्या परीक्षकांसमोर हेच बोलायचंय.

आई : ऐकतेय की. हात भाजीत आहेत, कान नाहीत. पण काय गं, दुखत नसेल तर?

लेक : वा! हाच प्रश्न विचारतील बघ. न दुखणारी गाठसुद्धा लगेच दाखवायला हवी. दुखत नाही म्हणूनच तर बायका गाफील राहतात.

आई : आणि अगदी मटाराएवढीच असेल तर?

लेक : तरीही. आई, तू तर आमच्या मॅडमपेक्षा खमकी निघालीस! विचार, अजून विचार.

आई : डाव्या काखेजवळ. उन्हाळ्यापासून असेल तर?

लेक : उन्हाळ्यापासून म्हणजे फारच... आई, कोणाची?

आई : अगं, तूच म्हणालीस ना, विचार म्हणून!

लेक : आई!

आई : ओरडू नकोस, घसा बसेल. उद्या बोलायचंय तुला.

लेक : या अभ्यासासाठी अख्खी गल्ली पालथी घातली मी. शेजारच्या काकूंना विचारलं, वरच्या आजींना विचारलं...

आई : बघितलं की. काकूंना तर हाताला धरून तपासायला नेलंस. मी दारातच उभी होते.

लेक : मग बोलली का नाहीस?

आई : तूच सांगितलंस, घरच्या माणसांना प्रश्न विचारायचे नसतात, अभ्यास बिघडतो. म्हटलं, कशाला बिघडवा? दोन वर्षं राबलीयेस पोरी.

लेक : अगं, अभ्यासाच्या नमुन्यात धरायचं नसतं! डॉक्टरकडे जायचं नसतं, असं कुठे म्हणाले मी?

आई : जाणार होतेच गं. तुझी परीक्षा एकदा उरकू दे, मग बघू.

लेक : (कागद मिटून डोळे पुसते)

आई : काय झालं? रडतेस काय, वेडी कुठली!

लेक : चप्पल घाल. दवाखाना अजून उघडा असेल.

आई : आत्ता? आणि तुझी ती तयारी?

लेक : गेली खड्ड्यात.

आई : बरं बाई, चल. पण वाटेत शेवट म्हणून दाखव, राहिलाच तो. काय उपाय सुचवलायस त्या बायकांसाठी?

लेक : घरच्यांनी विचारावं, आई.