ड्रायव्हरच्या दाराची पट्टी

...आणि आता तर माझा स्वतःचा फोनसुद्धा मला ओळखत नाही! बोट टेकवलं की म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. अहो, कसला डोंबलाचा प्रयत्न करू? बोटांवर रेषा उरल्यात कुठे? अकरा दिवस घासून घासून सगळ्या त्या गाडीला अर्पण झाल्या ना!

कुठली गाडी म्हणून काय विचारता? आमच्या दारात उभी असते ती. माझ्याहून एकवीस वर्षांनी मोठी, आणि घरात मान माझ्या एकवीस पट. मला ताप आला तर 'पड जरा, बरं वाटेल'. तिला सुरू होताना नुसती उचकी लागली तरी बाबांना घास गिळत नाही. तिच्या अंगावर धातूच्या पट्ट्या आहेत, दारांवर, काचांच्या कडेने, बॉनेटवर, मिळून चौदा. कधीकाळी त्या चमकायच्या म्हणे. मी पाहतेय तेव्हापासून धुरकट, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारख्या.

आता खरी गोम ऐका. गाडी बाबांची नाहीच! मोठ्या काकांची, म्हणजे बाबांच्या दादांची. त्यांना ठेवायला जागा नव्हती म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ती आमच्या दारात लावली आणि बाबांनी तिला जीव लावला. आता काकांनी बांधलं नवं घर, शेडसकट. आणि आला फोन, ''पुढच्या पंधरवड्यात रविवारी येतो. नीट ठेवली असशील तर राहू दे तुझ्याकडे. नसशील, तर मी घेऊन जाईन.'' झालं! बाबा गाडीपाशी गेले, टपावर हात ठेवला आणि इतका वेळ तसेच उभे राहिले की मला भीती वाटली. तशी मला कशाचीही वाटते म्हणा, दाराची बेल वाजली तरी माझ्या हातातला कप सांडतो. पण ही भीती वेगळी होती.

आणि मग ते वळले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ''तुझी बोटं बारीक आहेत.''

बारीक! पदवी घेतली, पहिला वर्ग मिळवला, त्याबद्दल या घरात कुणी चकार शब्द काढला नाही. कौतुक कशाचं, तर बोटांचं! हातात फडकं दिलं, पॉलिशची डबी दिली आणि वर ब्रह्मवाक्य, ''हात फिरला की धातू बोलतो!''

पहिल्या दिवशी तीन तास हात फिरला. धातू बोलला? छे! दुसऱ्या दिवशी टूथपेस्ट लावली. तिसऱ्या दिवशी लिंबू. चौथ्या दिवशी शेजारचे सर्वज्ञ आले. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण जगात त्यांना येत नाही असं काही नाही, म्हणून आम्ही सर्वज्ञच म्हणतो. कंबरेवर हात ठेवून, मान तिरकी करून म्हणाले, ''अगं, गोल गोल काय घासतेस? उभं घास! आमच्या वेळी...'' तुमच्या वेळी काय, पट्ट्या उभ्या होत्या का? पण बोलते कशाला, मुकाट उभं घासलं. पाचव्या दिवशी आई आली आणि घासणी उचलून निघून गेली. ''गाडीला माझी भांड्यांची घासणी? आता भांडी काय गाडीच्या ब्रशने घासू?'' आणि बाबा आपले खिडकीतून, ''थांबू नकोस हं! हात फिरला की धातू बोलतो!''

अकरा दिवस, तुम्हाला सांगते! अकरा दिवसांत दगडालासुद्धा पाझर फुटला असता. बाराव्या दिवशी मी एक सुटी केलेली पट्टी पिशवीत घातली आणि कोपऱ्यावरच्या बफवाल्याकडे गेले. कापडाचं गरगरणारं चाक असतं ना, त्यावर धरून तो वस्तू चमकवतो. चाक सुरू झालं तशी मी दोन पावलं मागे आणि एका बादलीत. त्याने पट्टी नुसती नखाने खरवडली आणि हसला. ''ताई, हे ॲल्युमिनियम. कंपनीतूनच यावर कडक, पारदर्शक थर येतो. तो काढल्याशिवाय जन्मभर घासा, काही होणार नाही.''

म्हणजे? अकरा दिवस मी धातूला हातच लावला नव्हता? मी त्याच्या अंगरख्याला पॉलिश करत होते? धातू बोलणार कसा, तो आत घोंगडी पांघरून झोपलाय!

थर काढायला कॉस्टिक सोडा, मोरी तुंबली की घालतो तो. पाण्यात कालवायचा, पट्टी बुडवायची आणि दोन मिनिटांत बाहेर. ''दोन म्हणजे दोनच, ताई. नाहीतर थर खाऊन झाला की तो धातू खायला लागतो. माझ्याकडे आणा, मी करून देतो.'' पण बाबा? ''परक्याच्या हाती द्यायच्या? दादाने विश्वासाने ठेवलीय गाडी!''

मग काय, शुक्रवारी मागच्या अंगणात प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून पन्हळ केली. मी हातमोजे घातले, चष्मा लावला, नाकावर फडकं बांधलं, पाकिटावरच्या सूचना सात वेळा वाचल्या. पट्टी बुडवली आणि फस्स्स! मी किंचाळले. बाबा आनंदाने ओरडले, ''बोलला! धातू बोलला!'' आणि खोटं कशाला सांगू, तेरा पट्ट्या देखण्या निघाल्या. धुतल्या, पॉलिश लावलं, चार वेळा हात फिरवला तर आरसा हो, आरसा!

राहिली चौदावी, ड्रायव्हरच्या दाराची, सगळ्यात लांब. बुडवली, मी घड्याळ लावलं... आणि मोठ्या काकांचा फोन आला.

आता आमच्याकडचा नेम सांगते. काकांचा फोन आला की स्पीकर लावायचा, सगळ्यांनी उभं राहायचं आणि त्यांचं बोलून होईपर्यंत कुणी हलायचं नाही. एकदा मध्येच आईच्या हातून झाकणी पडली तर, ''मी बोलतोय आणि तिकडे भांडी वाजतायत?'' म्हणून आठ महिने अबोला! त्यामुळे बाबा ताठ. आई ताठ. मी ताठ. आणि पन्हळीत पट्टी, फस्स्स.

''ऐकतोयस ना? तुझा लहानपणापासून एकच दोष, हातातलं काम वेळेवर पुरं करत नाहीस!''

''हो दादा.''

दोन मिनिटं झाली. मी डोळ्यांनी पन्हळीकडे खुणावलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. चार मिनिटं झाली. काका म्हणाले, ''तिकडे कसला आवाज येतोय?'' बाबा म्हणाले, ''काही नाही दादा, धातू बोलतोय.'' त्यावर काकांनी चेष्टा करू नये या विषयावर आणखी सात मिनिटं घेतली.

पट्टी बाहेर काढली तेव्हा तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. धावत बफवाल्याकडे नेली. त्याने ती उजेडाकडे धरली. ''ताई, ही पट्टी नाही राहिली, चाळणी झाली. हिचं उत्पादन बंद होऊन जमाना लोटला. कुठे मोडीत दिसली तर बघतो.'' शनिवारी तीच चाळणी दारावर बसवली. बाबांनी गाडीच्या किल्ल्या पुसून टेबलावर ठेवल्या, द्यायला सोप्या जाव्यात म्हणून.

रविवारी काका आले. आधी डाव्या बाजूने फिरले. बघतायत तो काय, लखलखाट! चेहरा फुलला. म्हणाले, ''वा! अशी झालीय? मग तर ही माझ्याच शेडमध्ये शोभेल. मी घेऊनच जातो!''

बघा! वाईट ठेवली तर नेणार, चांगली ठेवली तरी नेणार! माणूस आहे की काय? बाबांनी किल्ल्या उचलल्या. आणि काका दार उघडायला उजव्या बाजूला आले. थबकले. ''हे काय? ही उंदरांनी कुरतडलेली पट्टी घेऊन मी नव्या घरी जाऊ? लोक शेण घालतील तोंडात! आधी पट्टी बदल, मग नेतो.'' आणि बसने निघून गेले!

तेव्हापासून दर रविवारी फोन. ''मिळाली पट्टी?'' बाबा ताठ उभे. ''शोधतोय, दादा.'' आणि बाबा इतके खूश, इतके खूश, की परवा जेवताना गुणगुणत होते.

आणि काल बेल वाजली. मी दचकले, कप सांडला. दारात बफवाला, घामाघूम, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. ''ताई, मिळाली! तीन गावं पालथी घातली तुमच्यासाठी!'' त्याचा तो चेहरा बघून नको कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा?

घेतली. कॉटखाली ठेवलीय. तुम्हाला वाटलं, सुटले मी? आज सकाळी बाबांनी खोलीचं दार आतून लावलं, पट्टी बाहेर काढली आणि फडकं माझ्या हातात दिलं. हळूच म्हणाले, ''लावायची नाही म्हणून काय झालं? काळी पडू द्यायची का?''