अर्ध्या तासाचा पट्टा

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या बाकावर दोघे भाऊ बसले होते. आत उपचार चाललेली त्यांची घोडी बरी झाली तर थोरल्याला शर्यत मिळणार होती, धाकट्याला नुसती घोडी.

"दादा, तिच्या पायाचा रबरी पट्टा मी मघाशी सैल केला."

"अर्धा तास ठेवायचा होता ना?"

"दहाच मिनिटांत थरथरायला लागली रे."

"अरे शहाण्या, टोचलेलं औषध खालच्या सांध्यातच थांबावं म्हणून तर आवळला होता. आता ते गेलं अंगभर, आणि पू तिथेच."

"मी पुन्हा बांधला की."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"ओरडतील."

"नाही सांगितलंस तर औषध लागू पडलं असं धरून चालतील. पाय जाईल तिचा."

धाकटा आत जाऊन आला.

"ओरडले?"

"नाही. उद्या परत टोचायचं म्हणाले. चूक माझी, दादा, आणि सुई तिला."