चुना की सिमेंट

बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मी रांगेत उभी होते. लहानपणी नव्या घरात यायचा तो भिजल्या चुन्याचा वास तिथे येत होता. माझ्यापुढे एक म्हातारे गवंडी आणि त्यांची मुलगी.

“बाबा, घराला या वेळी चुन्याचाच गिलावा करायचा.”

“वीस वर्षांपूर्वी मी स्वतः सिमेंट लावलंय त्या भिंतींना. अजून टाचणी शिरत नाही.”

“म्हणूनच तर! भिंत जुनी, दोन फूट जाड, मातीत बांधलेली. जमिनीतली ओल वर चढते आणि सिमेंटमागे कोंडून राहते. आईच्या पलंगामागे पोपडे बघितलेत ना?”

“म्हणजे माझं काम तू खरवडून काढणार?”

“सगळं.”

“एवढा नावाजलेला गवंडी स्वतःच्याच घरात चुकला, म्हणतील लोक.”

“स्वयंपाकघरात हातभर भिंत मी चुन्याने करून ठेवलीय. ती कशी आहे?”

“मला काय विचारतेस?”

“रोज सकाळी तुम्ही तिला तळहात लावून बघता. आईने सांगितलं.”

“तुझ्या आईच्या पोटात काही राहील तर शपथ!”

“सांगा ना, ओली लागते का?”

“कोरडी आहे. ठणठणीत कोरडी. आणि हात सफाईदार फिरलाय तुझा.”

तेवढ्यात दुकानदाराने त्यांना विचारलं, “बोला काका, किती पोती सिमेंट?”

“सिमेंट नको, चुना द्या.”

“चुन्याचं काम जाणणारा गवंडी कुठून आणणार आता?”

“ही काय, समोर उभी आहे. मी हिच्या हाताखाली असणार आहे.”