वाळूत काच पुरू नये

धाकटी : पाहुण्यांच्या फलकावर पुढचं काय घालू, सांगा जाऊबाई. 'दुपारी टोपीशिवाय वाळूवर जाऊ नये' इथवर झालंय.

थोरली : लिही, लाल निशाण असताना पाण्यात उतरू नये. आणि खडकांच्या उजवीकडे तर कधीच नाही, ओहोटी तिथूनच माणसाला ओढून नेते.

धाकटी : जेलीफिशचं? परवाची ती बाई हात चोळत बसली, टम्म सुजला.

थोरली : चोळू नये, समुद्राच्याच पाण्यानं धुवावं. आता संडासाचं घे. उच्चारायलाही शिसारी येते, पण लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. बाळाचे डायपर कमोडमध्ये टाकू नयेत. सकाळी कोपरापर्यंत हात घातला मी. मग डोक्यावरून अंघोळ केली, तरी घास तोंडाशी नेववेना.

धाकटी : आणि उशीच्या अभ्र्यानं बूट पुसू नयेत. यांच्या घरी पायपुसणं नसतं का मेल्यांच्या?

थोरली : मेले म्हणू नये गं. दारी आलेली माणसं.

धाकटी : बरं, नाही म्हणत. शेवटचं मोठ्या अक्षरांत घालते, 'दारूच्या बाटल्या वाळूत पुरू नयेत.' मामंजींच्या पायाची काय दशा झालीय! आधीच साखरेचं दुखणं, त्यात काच. डॉक्टर म्हणाले, काळं आणखी पसरलं तर अंगठा काढावा लागेल.

थोरली : थांब. ते नको लिहूस.

धाकटी : अहो, तेच तर लिहायला हवं. आज नवे पाहुणे गाडीतून उतरत होते, तर हे त्यांना म्हणाले, तुमच्यासारख्यांपायी आमच्या म्हाताऱ्याचा पाय जायची वेळ आलीय. त्यातला एक बिचारा बॅग हातात धरून नुसता उभा.

थोरली : भाऊजी असं म्हणाले?

धाकटी : चारचौघांत. का हो?

थोरली : काल मी तिथे गेले होते, मामंजींना लागलं त्या जागी. म्हटलं, आणखी कुणाच्या पायात जायला नको. उकरलं तर बाटल्या एकीला एक लावून निजवलेल्या, झाकणांसकट. प्यायलेला माणूस बाटली भिरकावतो गं, झाकण लावून निजवत नाही. आणि त्यांच्या उशाशी आपल्या घरचा रिकामा फिनेलचा डबा.

धाकटी : (पेन खाली ठेवून) कचऱ्याची गाडी वरच्या रस्त्याला थांबते. हे म्हणायचे, खोल्यांतल्या बाटल्यांचं एवढं ओझं चढावर कोण वाहील, वाळूच्या पोटात काय जागा कमी आहे.

थोरली : म्हणजे तुला ठाऊक होतं.

धाकटी : मला वाटलं, खोल पुरत असतील. भरती वाळू ओढून नेईल आणि सगळं उघडं पडेल, हे नाही आलं डोक्यात. मामंजींना सांगू नका हो. या लेकावर फार जीव आहे त्यांचा.

थोरली : त्यांना काय सांगायचं? पहाटे अनवाणी तिथूनच जायचा त्यांचा नेम. त्यांनी मागंच पाहिलं होतं भाऊजींना बाटल्या पुरताना, दटावलंही होतं. पोरानं ऐकलं असेल, असं धरून चालले. काल पट्टी बदलताना मला म्हणाले, फलकावर पाहुण्यांचंच नाव घाल, पोराला चार लोकांत वावरायचंय.

धाकटी : मग घालूया ना. त्यांचीच इच्छा आहे.

थोरली : कमोडात हात घातला तेव्हा इतकी शिसारी आली नव्हती मला. म्हाताऱ्यानं पायही द्यायचा आणि वर खोटंही बोलायचं. त्यात तू नि मी हातभार लावायचा.

धाकटी : मग लिहायचंच नाही का?

थोरली : लिहायचं, पण फलकावर नाही. 'दारूच्या बाटल्या' काढ, नुसतं 'काच' लिही. वेगळ्या पुठ्ठ्यावर.

धाकटी : कुठल्या खोलीत लावायचा?

थोरली : आपल्या स्वयंपाकघरात. भाऊजी जेवायला बसतात त्या भिंतीवर.

धाकटी : हे विचारतील, कुणी लिहिलं म्हणून.

थोरली : विचारणार नाहीत. अक्षर तुझं आहे.