माशांच्या टाकीत भेंडी

चहा पाजला की ह्यो किस्सा माझ्याकडनं वदवून घ्यायचाच, ही तुमची खोड काय जात न्हाय. ऐका, आन मधी बोलू नका.

इंदापूरला हायवेवरच्या हाटेलात मी कामाला हुतो. मालकानं मुंबईवरनं समुद्राचं मासं आणून गल्ल्याशेजारी खाऱ्या पाण्याच्या काचंच्या टाकीत ठेवलं हुतं. टाकीला एक यंत्र हुतं. ते बुडबुडं सोडून पाण्यातली घाण फेसाबरोबर वर आणायचं आन वाटीत जमवायचं. ती वाटी रोज नुसत्या पाण्यानं धुवायची जोखीम माझ्यावर. मालकाची ताकीद हुती, "टाकीत दुसरं काय गेलं तर कामावरनं काढीन."

एकदा सणसरवरनं माझा मेव्हणा दगडू आला. गुऱ्हाळावर गूळ करणारा गडी. वाटीत बघून हसला.

"दाजी, एवढीच मळी? भेंडीचं पाणी घाला की. आमी काहिलीत उकळत्या रसात घातलं की सगळी मळी वर येती."

"हितं मासं हायती, गूळ न्हाय. हात लावू नगंस."

मी बाहेर चहा द्यायला गेलो. तेवढ्यात गल्ल्यावर मालकाचा डोळा लागलेला बघून ह्यानं भटारखान्यातल्या भेंड्या चेचून टाकीत पिळल्या. परत येतोय तर फेस वाटीतनं उतू जाऊन गल्ल्यावर, आन गल्ल्यावरनं मालकाच्या धोतरावर.

"तात्या, काय घातलंत?" मालक वरडला.

मी तोंड उघडायच्या आत मेव्हणा म्हणतो, "मी सांगत हुतो मालक, दाजी नगा घालू. पर ऐकत्यात व्हय?"

मासं वाचलं, माझी नोकरी गेली. आन माझ्या जागी मालकानं, गडी समजूतदार दिसतोय म्हणून, त्यालाच ठेवला. आजून माफी मागितली न्हाय, त्या दगडूनं.