दसऱ्याचं उघडं दार

हॅलो? … हॅलो, कोण? … सुलूताई! अगं, मी शालू. धर्माजीकाकांनी दुकानातून हाक मारली, तशी हात पुसत धावत आले. … हो, हो, तुझा मुंबईचा फोन म्हणाले.

… लागला ना खटल्याचा निकाल. परवाच. … नाय गं. हरलो.

… हरलो म्हणते, हरलो! आता बाजारात उभी राहून ओरडू का?

अगं, ऐक ना. रामनाथला मोकळं सोडलं. तुझा कारखाना खुशाल चालव म्हणाले. … तोच गं, आपल्या पडवीत जेवून मोठा झाला तो! अण्णांनी त्याला पोलादाला पाणी द्यायला शिकवलं. दागिन्यांवर नक्षी उठवायचा ठसा लाल तापवून कशात बुडवायचा, कधी बाहेर काढायचा, ते अण्णांच्या खालोखाल त्यालाच ठाऊक. म्हणून तर झवेरी बाजारात आपल्याच ठशाला मागणी. दुसऱ्यांचे तडकतात, आपला कधी नाय. … आता ते सगळं काम त्याच्याकडे चाललंय, दुसरं काय!

… त्याने शपथ घेतली होती की, ही विद्या बाहेर नेणार नाय म्हणून! देवीसमोर, फूल उचलून. वकील म्हणाले, लिहून घेतलंय का? अण्णा म्हणाले, देवीसमोर कोण लिहून घेतं? … हं. वकिलांनी कपाळाला हात लावला.

नाय, नाय, त्यापायी नाय हरलो. शपथ जज्जसाहेबांनी मानली असती. आपला दसरा नडला.

… दसरा गं, दसरा! रामनाथचा वकील अगदी गोड बोलून विचारतो, "दसऱ्याला तुमच्या भट्टीचं दार उघडं असतं म्हणे?" अण्णा ताठ. म्हणाले, "सताड उघडं! त्या दिवशीचा ठसा आमी अख्ख्या गावासमोर बुडवतो." "कोणीही यावं?" "कोणीबी यावं. प्रसाद घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाय." छाती फुगवून सांगत होते गं! मी मागे पदर तोंडात धरून बसलेली. … तर काय! तो मेला लगेच जज्जसाहेबांकडे वळला. म्हणाला, अख्खं गाव बघतं ते गुपित कसलं?

… ते मला नको सांगूस, ताई! नुसतं बघून येतं होय? जन्मभर बघतेय मी, मला कुठे येतं? पण कायदा म्हणतो, गुपित होतं तर दार लावायचं होतं.

हॅलो? … हॅलो! … तीन मिनिटं झाली? वाढवून घे ना गं, वाढवून घे.

… अण्णांचं काय सांगू! आज दसरा, सणाचा दिवस. बायका आरतीची ताटं घेऊन आल्या, पोरं आपट्याची पानं घेऊन आली, नि भट्टीला आतून कडी! सगळी जरा उभी राहिली नि चप्पल न वाजवता माघारी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

… आत एकटेच. चिमटा धरायला दुसरं माणूस लागतं, तो रामनाथ धरायचा. अण्णांचा हात आता कापतो. … म्हटलं ना! दार बडवून सांगितलं, अण्णा, मी धरते. मला शिकवा.

… काय म्हणणार? लहानपणापासून म्हणतात तेच. लेक परक्या घरची, विद्या तिकडे घेऊन जाईल. … हो ना! रामनाथला देताना नाय आठवलं परकं. राग येतो गं. रडूही येतं. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे.

… माझं सोड. तू कधी येतेस? … थांब. … ताई, थांब जरा.

… अगं, भट्टी समोरच ना. आवाज आला. खण्णकन. … ठसा तडकला, ताई. अण्णांचा ठसा तडकला.

… नाय, ओरडले नाय. कडी काढली. … पायरी उतरतायत. हातात काय नाय. … अण्णा! अहो अण्णा, कुठे निघालात? दार तसंच टाकलंत… कुलूप?

… हं? … ऐकतेय, ताई.

… म्हणाले, "राहू दे उघडं. आज दसरा हाय."

… ठेवते मी. भट्टी अजून तापलेली असेल.